रंगाखालचं विमान

दाबोळी विमानतळाकडून बोगमाळोच्या किनाऱ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर भारतीय नौदलाचं हवाई संग्रहालय आहे. ऑक्टोबर १९९८ मध्ये ते सुरू झालं. आतल्या दालनांत इंजिनं, शस्त्रं, छायाचित्रं आहेत; पण माणूस थबकतो तो बाहेरच्या मोकळ्या जागेत. सी हॉक, अलिझे, फायरफ्लाय, सीलँड, व्हॅम्पायर, एचटी-२, सी हॅरियर, कामोव्ह २५ अशी विमानं आणि हेलिकॉप्टरं तिथे उघड्यावर उभी आहेत. या सगळ्यांत थोरलं आहे सुपर कॉन्स्टेलेशन: चार इंजिनं, तीन शेपट्या आणि जवळजवळ साडेसदतीस मीटर लांबीचे पसरलेले पंख.

बहुतेक पर्यटक हे सगळं बघून, फोटो काढून समुद्राकडे जातात. समुद्र मात्र या विमानांकडे चोवीस तास येत असतो. खारा वारा, एप्रिल-मेचं ऊन, जून ते सप्टेंबरचा पाऊस आणि त्या पावसाइतकीच घातक अशी हवेतली ओल, या सगळ्यांत धातूचं विमान टिकवणं हे स्वतंत्र शास्त्र आहे. आपल्याकडे त्याची चर्चा जवळजवळ होत नाही. विमान निवृत्त झालं, त्याला रंग दिला, जागेवर आणून उभं केलं की ते जपलं गेलं, असं आपण समजतो. खरं तर त्या दिवसापासून त्याला पूर्वीपेक्षा जास्त देखभाल लागते, कारण आता ते उडत नाही. रंगवणं आणि जतन करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि त्यांतलं दुसरं आपण गंभीरपणे शिकायला हवं.

ही विमानं कोणाची?

जपायचं का, हे कळण्यासाठी जपायचं काय, हे आधी कळायला हवं.

नौदलाच्या हवाई शाखेचा पहिला तळ, आयएनएस गरुड, ११ मे १९५३ रोजी कोचीला सुरू झाला. तिथली सुरुवातीची विमानं म्हणजे शॉर्ट सीलँड. बेलफास्टच्या शॉर्ट ब्रदर्सनं बनवलेलं हे छोटं विमान धावपट्टीवर उतरायचं आणि पाण्यावरही. जगात ती एकूण २५ बनली, त्यांतली १० भारतानं घेतली. आज शिल्लक असलेली सीलँड हाताच्या बोटांवर मोजता येतील. गोव्यातल्या सीलँडचा एखादा भाग कुजला, तर त्याची जोडी शोधायला जगात फार जागा नाहीत.

एचटी-२ हे दोन आसनांचं शिकाऊ विमान लोक भरभर ओलांडून जातात. मराठी माणसानं तरी तिथे थांबावं. हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्याची रचना केली डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी. कोल्हापूर भागातल्या या संशोधकानं जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली होती. १९५१ मध्ये एचटी-२ पहिल्यांदा उडालं, आणि भारतात रचना होऊन कारखान्यात नियमित बनलेल्या विमानांत ते पहिलं ठरलं.

सी हॉक आणि अलिझे ही जोडी विक्रांत या विमानवाहू नौकेची. सी हॉकची ३०० क्रमांकाची तुकडी जुलै १९६० मध्ये ब्रिटनमधल्या ब्रॉडी तळावर उभी राहिली, अलिझेची ३१० क्रमांकाची तुकडी मार्च १९६१ मध्ये फ्रान्समध्ये इयेर इथे. मधल्या काळात, ४ मार्च १९६१ रोजी, बेलफास्टमध्ये विक्रांत नौदलात दाखल झाली होती. १९७१ च्या डिसेंबरात बंगालच्या उपसागरातून याच सी हॉकनी कॉक्स बाजार आणि चितगावच्या धावपट्ट्यांवर आणि बंदरांवर हल्ले केले. त्यांच्या जागी आलेली सी हॅरियर डिसेंबर १९८३ मध्ये दाबोळीत उतरली आणि ११ मे २०१६ रोजी इथल्याच हंसा तळावर निवृत्त झाली.

सुपर कॉन्स्टेलेशनची गोष्ट सगळ्यांत वळणाची. हे मूळचं एअर इंडियाचं प्रवासी विमान, आणि त्याचं नाव होतं ‘रानी ऑफ एलोरा’, म्हणजे आपल्या वेरूळची राणी. १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ जेट आली आणि पंख्यांच्या विमानांचे दिवस सरले. ही विमानं हवाई दलाकडे गेली. पुण्याच्या ६ क्रमांकाच्या तुकडीत ती समुद्रावर टेहळणी करू लागली. नोव्हेंबर १९७६ मध्ये ती जबाबदारी नौदलाकडे आली, दाबोळीला ३१२ क्रमांकाची तुकडी उभी राहिली आणि राणी गोव्यात आली. प्रवासी, मग हवाई दल, मग नौदल, असे तीन संसार केलेलं हे विमान आहे. त्याच्या चार इंजिनांत प्रत्येकी १८ सिलिंडर आणि प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. म्हणजे एका विमानात ७२ सिलिंडर आणि १४४ प्लग. ते उडतं ठेवणाऱ्या तंत्रज्ञांची मेहनत या आकड्यांतून कळते.

मीठ काय करतं

ॲल्युमिनियम गंजत नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. शुद्ध ॲल्युमिनियमपुरती ती बरीचशी खरी आहे. हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर जमतो आणि तोच खालच्या धातूला सांभाळतो. पण शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असतं. त्याचं विमान बनत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुतज्ज्ञाला आढळलं, की त्यात थोडं तांबं आणि मॅग्नेशियम मिसळून, तापवून, झटकन थंड करून ठेवून दिलं, तर ते पुढच्या काही दिवसांत आपोआप कणखर होतं. ड्युरॅल्युमिन या नावानं तो मिश्रधातू प्रसिद्ध झाला आणि पुढची बहुतेक धातूची विमानं त्याच्या वंशजांपासून बनली.

ज्या तांब्यानं बळ दिलं, त्याच तांब्यानं दुखणंही दिलं. तांबं मिसळलेला पत्रा खाऱ्या ओलीत लवकर खराब होतो. म्हणून अशा पत्र्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर दाबून चढवतात. पण विमानात हजारो रिव्हेट असतात. प्रत्येक रिव्हेटसाठी भोक पाडावं लागतं, आणि प्रत्येक भोकाच्या कडेला तो थर तुटलेला असतो. मिठातलं क्लोराइड नेमकं तिथे शिरतं. ऑक्साइडचा थर भेदून आधी सुईच्या टोकाएवढे खड्डे पाडतं. वर दिसते ती फक्त पांढरी भुकटी.

पुढची पायरी जास्त वाईट. पत्रा लाटून तयार करताना धातूचे कण एका दिशेनं लांब आणि चपटे झालेले असतात. धातूची ही झीज, म्हणजे क्षरण, त्या कणांच्या सीमेवरून आत सरकतं, आत तयार झालेला पदार्थ फुगतो आणि धातूचे थर एकमेकांपासून सुटतात. चिरोट्याचे पदर तळताना उलगडतात तसा कधीकाळी दगडासारखा घट्ट असलेला भाग उलगडून येतो. इथवर आलेल्या तुकड्यावर औषध नाही. तो कापून काढावा लागतो.

यात आणखी एक भर असते. विमानात एकच धातू नसतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात पोलादी बोल्ट, बिजागरीत पितळी बुश, चाकांत आणि हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सच्या आवरणात मॅग्नेशियमचा मिश्रधातू. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं की छोटी विद्युतघटमाला तयार होते. त्यात जास्त क्रियाशील धातू झिजत जातो. मॅग्नेशियम त्या रांगेत सगळ्यांत आधी बळी पडतं.

नौदलाच्या विमानात अशा जागा जास्त असतात. विमानवाहू नौकेवर जागा कमी, म्हणून सी हॉक आणि अलिझेचे पंख दुमडतात. दुमडणारा पंख म्हणजे बिजागऱ्या, कुलपं, पिना, नळ्या. डेकवरची तार पकडायला शेपटीखाली हूक असतो, आदळत उतरणं सोसायला पायांची बांधणी जाड असते. ज्या गुणांमुळे ते विमान समुद्रावर लढू शकलं, त्याच गुणांनी मिठाला लपायला कोपरे दिले.

पुढच्या वेळी बोगमाळोला गेलात तर विमानाच्या पाठीपेक्षा त्याच्या पोटाकडे वाकून पाहा. पाठ पावसानं धुतली जाते. पोटाखाली, चाकांच्या खळग्यात, पंखाच्या सांध्यात पावसाचा फवारा पोचत नाही. वाऱ्यानं आणलेलं मीठ तिथे साचत राहतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात दिवसच्या दिवस आर्द्रता त्याच्या वर असते. म्हणजे पाऊस थांबलेला असतानाही ते सांधे ओलेच असतात.

नोकरीत असलेलं विमान यातून बरंचसं वाचतं. समुद्रावरून आलं की त्याला गोड्या पाण्यानं धुतात, ठरलेल्या तासांनी त्याची झाकणं उघडून आत पाहतात, इंजिनाच्या उष्णतेनं आतली ओल उडून जाते. निवृत्तीनंतर हे सगळं एका दिवसात थांबतं. म्हणूनच उभं विमान उडत्या विमानापेक्षा लवकर म्हातारं होतं.

पावसाआधी आणि पावसानंतर

किनाऱ्यावर उघड्यात ठेवलेल्या विमानाचं वर्ष पावसाळ्याभोवती आखावं लागतं.

त्याहीआधी एक काम एकदाच, पण अतिशय काळजीनं करायचं असतं: विमान निर्धोक करणं. वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनाखाली स्फोटक काडतुसं असतात. ती काढली आहेत याची खात्री झाल्याशिवाय कुणाला कॉकपिटमध्ये बसू देता येत नाही. टाक्यांतलं उरलेलं इंधन, नळ्यांतलं हायड्रॉलिक तेल काढावं लागतं. जुन्या विमानांच्या काही तबकड्यांवरचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून रेडियमच्या रंगानं लिहिलेले असत. तो रंग आज चमकत नसला, तरी त्याचा किरणोत्सर्ग चालूच असतो. पत्र्यावरचं हिरवट-पिवळं प्रायमर झिंक क्रोमेटचं असतं. पॉलिश पेपरनं घासताना उडणारी त्याची धूळ कर्करोगाला कारण ठरते, त्यामुळे मास्कशिवाय ते काम करणं हा गुन्हाच म्हणायला हवा.

मग वार्षिक कामं. मे महिन्यात, पाऊस यायच्या आत, पोटाखालची पाणी वाहून जायची भोकं मोकळी करायची. ही भोकं पेन्सिलीएवढी असतात. कुंभारमाशीचं मातीचं घर, पाखरांच्या काड्या, पालापाचोळा यांनी ती बुजतात आणि विमानाचं पोट हौद होतं. कॉकपिटच्या झाकणाचे रबरी सील तपासायचे, फाटले असतील तर बदलायचे. इंजिनाची तोंडं बंद करायची, पण आतली हवा खेळती राहील अशी. घट्ट प्लास्टिक गुंडाळलं तर आतली ओल आतच कोंडते. बिजागऱ्यांत पाणी हटवणारं, गंज रोखणारं तेल घालायचं.

पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये सगळं विमान गोड्या पाण्यानं धुवायचं, तेही कमी दाबानं. जास्त दाबाचा फवारा मीठ बाहेर काढण्याऐवजी सांध्यांत खोल ढकलतो. वाळल्यावर झाकणं उघडून आरशानं आणि विजेरीनं आत बघायचं, फोटो काढायचे, मागच्या वर्षीच्या फोटोशी ताडून पाहायचे. रिव्हेटच्या डोक्याभोवती रंगाला फोड आला असेल, तर खाली क्षरण आहे असं समजायचं. तो रंग काढायचा, पांढरी भुकटी धातूपर्यंत साफ करायची, प्रायमर द्यायचा आणि मगच रंग.

इथेच घाई होते. पाहुणे येणार, समारंभ आहे, म्हणून फोडांवर लांबी भरून वरून रंग मारला तर विमान वर्षभर झकास दिसतं. आत मीठ आणि ओल रंगाच्या थराखाली बंद होते आणि क्षरण नजरेआड चालू राहतं. पाचसहा रंगकामांनंतर कधीतरी बोट दाबलं की पत्र्यातून आरपार जातं. त्या दिवशी धातू गेलेला असतो आणि आकार फक्त रंगानं धरून ठेवलेला असतो.

टायरचाही असाच प्रश्न. टनावारी वजन वर्षानुवर्षं एकाच जागी टेकलं की रबर चपटं होऊन चिरतं. म्हणून विमान आधारांवर उचलून चाकांवरचा भार काढावा लागतो. उन्हानं कॉकपिटची पारदर्शक काच, जी खरं तर ॲक्रिलिकची असते, पिवळी पडते आणि तिच्यावर केसासारख्या भेगांचं जाळं उठतं. साध्या सुती कापडाचं झाकण तिचं आयुष्य कितीतरी वाढवतं.

मूळ किती ठेवायचं?

दुरुस्ती जमली तरी एक मोठा प्रश्न उरतो. विमान नव्यासारखं करायचं, की जसं आहे तसं थोपवून धरायचं? जगातल्या नौदल संग्रहालयांनी याची वेगवेगळी उत्तरं दिली आहेत.

ब्रिटनमध्ये येव्हिल्टन इथे फ्लीट एअर आर्म संग्रहालय आहे. त्यांच्याकडे केडी ४३१ क्रमांकाचं कॉर्सेअर हे १९४४ चं लढाऊ विमान होतं. १९६३ मध्ये ते संग्रहालयात आलं आणि प्रदर्शनासाठी नव्यानं रंगवलं गेलं. २००० नंतर तिथल्या डेव्हिड मॉरिस यांच्या गटानं वेगळा निर्णय घेतला: नवा रंग द्यायचा नाही, उलट नंतरचा रंग काढायचा. हातानं, इंच इंच करत, काही वर्षं हे काम चाललं. खाली मूळचा युद्धकाळातला रंग, कारखान्यातल्या खुणा, दुरुस्त्यांचे डाग जसेच्या तसे सापडले. आज ते विमान ओरखड्यांनी भरलेलं, फिकट दिसतं, आणि त्याचा प्रत्येक ओरखडा पुरावा आहे.

अमेरिकेत पेन्साकोलाच्या नौदल हवाई संग्रहालयासाठी दुरुस्त झालेल्या एका डाउंटलेस बाँबफेकी विमानाची कथाही सांगण्यासारखी. क्रमांक २१०६ चं हे विमान पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यातून बचावलं, जून १९४२ च्या मिडवेच्या लढाईतून अंगावर २१९ भोकं घेऊन परतलं आणि जून १९४३ मध्ये मिशिगन सरोवरात पडलं. त्या सरोवरात वुल्व्हरिन आणि सेबल या दोन जुन्या चाकांच्या आगबोटींवर सपाट डेक बसवून नौदल वैमानिकांना उतरण्याचा सराव देत असे. शंभराहून अधिक विमानं तिथे बुडाली. हे विमान १९९४ मध्ये वर काढलं. पन्नास वर्षं पाण्याखाली राहूनही ते दुरुस्त करण्याजोगं होतं, कारण ते पाणी गोडं आणि गार होतं. भोकांवर युद्धकाळात मारलेली ठिगळं दुरुस्तीत पुसली गेली नाहीत.

या दोन उदाहरणांतून माझ्या मनात एक नियम पक्का झाला आहे. भार पेलणारा, कुजून धोकादायक झालेला भाग बदलावा. बदललेल्या प्रत्येक तुकड्यावर आतल्या बाजूनं तारीख टाकावी. आणि जुना रंग खरवडण्याआधी त्याचा नमुना आणि फोटो जपून ठेवावा. आपल्या सुपर कॉन्स्टेलेशनच्या अंगावर तीन मालकांचे रंग चढले. एखाद्या झाकणाच्या आतल्या बाजूला, शिडी लावूनही दिसणार नाही अशा जागी, त्यांतले थर अजून असू शकतात. ते शोधण्याआधी यांत्रिक ब्रश फिरवला, तर इतिहासाची ती पानं कायमची गेली.

हातांतली विद्या

हे सगळं परदेशी लोकांनाच जमतं, असं कुणी म्हटलं तर कानपूरची आठवण द्यावी.

दुसरं महायुद्ध संपल्यावर कानपूरला अमेरिकन बनावटीची लिबरेटर ही चार इंजिनांची बाँबफेकी विमानं पडून होती. ती पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून जाणूनबुजून मोडून ठेवलेली होती. स्वतंत्र भारताला मोठ्या विमानांची गरज होती आणि पैसा नव्हता. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या तंत्रज्ञांनी त्या भंगारातून एकाचे सुटे भाग दुसऱ्याला लावत सुमारे चाळीस विमानं उभी केली. जमशेद मुन्शी या चाचणी वैमानिकानं ती कानपूरहून बंगळूरला उडवत नेली. घाटग्यांचं एचटी-२ पहिल्यांदा उडवलं तेही यांनीच. ही लिबरेटर पुण्याच्या त्याच ६ क्रमांकाच्या तुकडीत १९६८ पर्यंत समुद्रावर गस्त घालत राहिली. जगात इतरत्र लिबरेटर तोपर्यंत जवळजवळ वितळवून संपली होती. आज ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिकेतल्या संग्रहालयांत जी लिबरेटर दिसतात, त्यांतली काही भारतातून गेलेली आहेत. जगानं टाकलेली विमानं आपल्या कामगारांनी जपली, म्हणून जगाला ती परत मिळाली.

ती विद्या आजही नौदलाच्या तळांवर, पुण्या-नाशिकच्या कारखान्यांत आणि निवृत्त तंत्रज्ञांच्या हातांत आहे. पण ती झपाट्यानं संपते आहे. सी हॉकची नोकरी १९८० च्या दशकात संपली, अलिझेची त्यानंतर काही वर्षांत. त्यांच्या पंखांची कुलपं उघडणारी, त्यांच्या हूकचे डॅम्पर जुळवणारी माणसं आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत. त्यांच्यासोबत बसून, विमानाचं झाकण उघडून, ते काय सांगतात त्याचं चित्रीकरण करणं हे आजचं काम आहे. ते पुढच्या दशकावर टाकता येणार नाही.

विक्रांतनंतर

आपण काय गमावू शकतो, हे मुंबईनं पाहिलं आहे. ३१ जानेवारी १९९७ रोजी विक्रांत निवृत्त झाली. २००१ पासून ती मुंबईत तरंगतं संग्रहालय होती. शाळांच्या सहली तिच्या डेकवर फिरल्या. खाऱ्या पाण्यात उभ्या असलेल्या त्या जहाजाच्या देखभालीचा कायमचा खर्च कोणी उचलायचा, याचं उत्तर मात्र मिळालं नाही. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणानं ती लोकांसाठी बंद झाली, २०१४ मध्ये विकली गेली आणि मुंबईच्याच दारूखाना भागात तोडली गेली. तिच्या पोलादाचा अंश पुढे मोटरसायकलींत आला आणि मुंबईत तिचं एक स्मारक झालं. पण ज्या डेकवरून सी हॉक झेपावली, ती जागा आता पृथ्वीवर नाही. त्या डेकची साक्षीदार म्हणून उरली आहेत ती विमानं.

म्हणून काही गोष्टी स्पष्ट मागायला हव्यात. दुर्मीळ विमानांना बंद हँगर द्यावा. नुसतं छप्पर पुरणार नाही, कारण छपराखाली पाऊस धुत नाही आणि मीठ मात्र साचतं. भिंती हव्यात आणि आतली आर्द्रता आटोक्यात ठेवणारी यंत्रणा हवी. येव्हिल्टनच्या संग्रहालयानं आपल्या राखीव विमानांसाठी अशीच नियंत्रित हवेची इमारत उभारली आहे. सगळ्यांना एकदम जागा नसेल, तर सीलँड आणि सुपर कॉन्स्टेलेशनपासून सुरुवात करावी. प्रत्येक विमानाचा वार्षिक तपासणी अहवाल लोकांना वाचता यावा, म्हणजे शेजारी पाटीवर त्याचं युद्ध आणि त्याची आजची प्रकृती दोन्ही कळतील. गोवा आणि महाराष्ट्रातल्या आयटीआयच्या मुलांना इथे रिव्हेटकाम आणि क्षरण-तपासणी शिकण्याची सोय करावी. चाळीस वर्षांच्या विमानावर हात बसलेला मुलगा नव्या विमानाच्या कारखान्यातही कमी पडणार नाही.

आणि सगळ्यांत स्वस्त उपाय भविष्याचा आहे. आज हंसा तळावरून मिग २९ के उडतात. त्यांच्या जोडीला येणाऱ्या राफेल-एमचा करार झाला आहे. मिगची निवृत्ती अजून दूर असली, तरी त्यांतलं कोणतं विमान संग्रहालयात जाणार हे आधीच ठरवता येतं. त्या विमानाची नोंदवही, दुरुस्तीच्या पुस्तिका, खास पान्हे, सीलचा एक जादा संच आणि मूळ रंगाचा नमुना त्याच्यासोबत एका पेटीत ठेवून द्यावा. सीलँड आणि सी हॉकच्या वेळी हा विचार करायला कोणाला उसंत नव्हती. नौदलाची हवाई शाखा तेव्हा स्वतःच जन्माला येत होती. आज ती सत्तरी ओलांडून गेली आहे. आता तिनं विमान विकत घेतानाच त्याच्या म्हातारपणाची तरतूद करावी, आणि आपण नागरिकांनी तो खर्च संरक्षणाच्याच खर्चात धरावा.